पुलाचा धडा

सोमवार, ४ मार्च

ही वही माझी नाही, धाकट्याची आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं की दिवसभरात काय केलं ते रोज लिहायचं आणि मन कसं होतं त्याला दहापैकी आकडा द्यायचा. धाकट्यानं वही घरी आणली, टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. म्हटलं, आण इकडे, मी लिहिते. चौदा वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवते मी. प्रत्येक शिकाऊ माणसाचं कार्ड माझ्या हातचं असतं: क्लच जमला, आरसा बघत नाही, चढावर घाबरतो. एका भावाची वही भरायला मला काय जड आहे!

तर नोंद. धाकटा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, वय चौतीस. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. हात इतका बारीक की दुसऱ्या दुकानांतली बिघडलेली कामंही त्याच्याकडे येतात. गेले दोन महिने तो दुकानात गेलेला नाही. आंघोळ आई मागे लागली तर. जेवण अर्धं. हसत नाही, आणि रडतही नाही, त्याचंच मला जास्त लागतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला तोंडावर विचारलं की जगू नये असं वाटतं का. मी खुर्चीतून उठायच्याच बेतात होते. असलं विचारतात का कुणाला? धाकटा शांतपणे म्हणाला, "मरायचं नाहीये. उठायचं नाहीये." मग त्या मला म्हणाल्या की विचारल्यानं हा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, असलाच तर तो बाहेर यायला वाट मिळते. आजाराचं नाव नैराश्य. आईनं विचारलं, एवढं मनाला लावून घ्यायला झालं तरी काय? तर म्हणाल्या, काही झालेलंच असावं लागतं असं नाही. आईला ते पटलं नाही. तिला काहीतरी झालेलं हवं होतं, म्हणजे ते निस्तरता आलं असतं.

गोळी रोज सकाळी एक, पोटात काही गेल्यावर. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही. आपल्या मनानं बंद करायची नाही. बरं वाटलं तरी पुढे काही महिने चालूच ठेवायची. दर आठवड्याला बोलायला जायचं.

आजचा आकडा विचारला तर म्हणाला, "लिही काहीही." मी दोन लिहिला.

शनिवार, ९ मार्च

धाकट्याला मळमळतंय, तोंडाला कोरड पडतेय. आई म्हणाली की विष देताहेत पोराला, बंद करा. मी दवाखान्यात फोन लावला. पहिले काही दिवस असं होतं, ओसरेल म्हणाले. आईला सांगितलं की नवीन माणूस पहिल्या दिवशी गाडी बंद पाडतोच, म्हणून आपण गाडी विकत नाही. आईनं तोंड वाकडं केलं, पण गोळी तिनंच हातावर ठेवली.

माझ्याकडे शिकणाऱ्या बँकेतल्या बाई आज तिसऱ्या गिअरपर्यंत पोचल्या. मला मात्र पुलाखालच्या सिग्नलला पित्ताचा त्रास झाला. छातीत धडधड, हाताला मुंग्या, वाटलं आत्ता इथेच आपलं काहीतरी होणार. पाच-दहा मिनिटांत गेलं. दोन वर्षांपूर्वी उड्डाणपुलावर गाड्या तुंबल्या होत्या, तेव्हापासून हे मागे लागलंय. त्या दिवशी तर मी शिकाऊ माणसाला गाडीत सोडून चालत खाली आले होते. तीनदा ईसीजी काढला, तिन्ही स्वच्छ. माझं हृदय घोड्याचं आहे असं ते डॉक्टर म्हणाले, आणि मी ते बऱ्याच जणांना सांगितलेलं आहे.

आता मी पुलाखालच्या रस्त्यानंच जाते. रस्ता बरा आहे, झाडं आहेत. जानेवारीपासून लायसन्सच्या टेस्टमध्ये पूल घातलाय, पण तो धडा स्कूलमधला मास्तर घेतो. मी आठच्या आकड्यात गाडी फिरवणं आणि रिव्हर्स घेते. आम्ही काम वाटून घेतलंय.

धाकट्याचा आकडा दोन.

मंगळवार, १९ मार्च

आज माझे कान टोचले गेले, तेही लिहिते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की मन होईल तेव्हा करू असं म्हणत बसायचं नाही, आधी छोटं काहीतरी करायचं, मन मागून येतं. हे मला भलतंच पटलं. मी लगेच वेळापत्रक केलं: सहाला उठणे, चाळीस मिनिटं चालणे, आंघोळ, पेपर वाचणे, आईला भाजी आणून देणे. दोन दिवस तो ओढल्यासारखा चालला. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठलाच नाही आणि म्हणाला, "बघ, मला एवढंही जमत नाही."

डॉक्टरीणबाईंनी वेळापत्रक बघितलं आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, मी. त्यांनी सगळं खोडून एकच ओळ ठेवली: दुपारच्या जेवणानंतर फाटकापर्यंत जाऊन येणे. मला हसू आलं, मग लाज वाटली. पहिल्या दिवशी कुणाला चौथा गिअर देते का मी?

फाटकापर्यंत गेला. आकडा दोन. मी त्याला विचारून अडीच केला.

मंगळवार, २६ मार्च

आज लिहायला हात शिवशिवतोय.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकांचा फोन आला. धाकटा फोन घेत नाही, मी घेतला. ते म्हणाले, एक जूनपासून फिरती गाडी काढतोय. लांबच्या शाळांत जायचं, पोरांचे डोळे तपासायचे आणि तिथल्या तिथे चष्मा करून द्यायचा. गाडीत जागा दोघांचीच, म्हणून काचा बसवणाऱ्यालाच गाडी चालवता यायला हवी. तुमच्या भावासारखा हात दुसरा नाही, पण त्याला लायसन्स नाही आणि तो बराही नाही, तेव्हा एक जूनपर्यंत वाट बघतो.

धाकट्याला सांगितलं. त्यानं भिंतीकडून कूस बदलली. मग म्हणाला, "गाडी केवढी असते ती?"

जवळजवळ तीन महिन्यांत त्यानं स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न! मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, आईनं मला तोच प्रश्न पुन्हा म्हणून दाखवायला लावला. मी खुशीत आकडा चार लिहीत होते, तर त्यानं मान वर न करता सांगितलं, "तीन लिही." आकडा दुरुस्त केला माझा. काचांचा माणूस आहे, अर्ध्या नंबराचा फरक त्याला चालत नाही.

सोमवार, १ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी गुंगी येते का, झोप कशी आहे, हे नीट विचारून गाडी शिकायला हरकत नाही म्हटलं. कच्चं लायसन्स काढलं. मास्तरकडे शिकशील का विचारलं तर म्हणाला, परक्या माणसाशेजारी आत्ता नाही, तुझ्याचकडे. बरं वाटलं मला. हा भाऊ आहे म्हणून मी सोडणार नाही हे आधीच बजावून ठेवलंय.

परत येताना रिक्षावाला सरळ पुलाकडेच वळत होता, त्याला खालून घ्यायला लावली. तेवढ्यानंही पित्त खवळलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून असेल.

शनिवार, ६ एप्रिल

चौदा वर्षांत मी असा क्लच पाहिला नाही. माणसं पाय सोडतात की गाडी उडी मारते. यानं पाय असा सोडला की गाडी हलली ते मला घराचा कोपरा मागे सरकताना दिसला तेव्हा कळलं. एक तासात पहिला, दुसरा गिअर आणि थांबणं. माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो, माझा पाय कायम त्यावर. आज एकदाही दाबावा लागला नाही.

तोंडावर म्हटलं, ठीक आहे. बँकेतल्या बाईंना, मास्तरला, दूधवाल्याला आणि वरच्या मजल्यावरच्यांना मात्र खरं सांगितलं.

रात्रीची झोप आता सलग आहे. आकडा चार, त्याचा त्यानं दिला.

बुधवार, १७ एप्रिल

आठ काढला, एका दमात. चढावर गाडी उभी करून हँडब्रेकशिवाय उचलली. रिव्हर्स कच्चं आहे, पण ते सगळ्यांचंच असतं. आकडा पाच!

खुशीत होता. म्हणाला, "ताई, आता पूल घेऊ या ना. टेस्टला आहे तो." मी पुलाच्या तोंडाशी गाडी कडेला घ्यायला लावली. नेमकं तेव्हाच पित्त उसळलं, घसा आवळल्यासारखा झाला. मी त्याला म्हटलं की तू अजून तयार नाहीस. खालून परत आलो.

रिव्हर्सवर मेहनत घ्यायला हवी.

सोमवार, २२ एप्रिल

पुन्हा पुलाचं विचारलं त्यानं. आज वाहतूक जास्त होती, आणि आरसा बघण्यात तो जरा कमी पडतो. तसं मी सांगितलं. त्यानं विचारलं, किती कमी पडतो? मी म्हटलं, पुलासाठी पुरेसा नाही. एका चुकीनं मागचा माणूस अंगावर येतो तिथे. बोलता बोलता माझंच पित्त वाढलं, पुलाकडे बघवेना. खिडकी उघडून बसले.

घराच्या वळणावर गाडी बंद पाडली, पहिल्यांदाच. आकडा चार.

गुरुवार, २५ एप्रिल

काल आणि आज गाडीवर आला नाही. जेवण अर्धं. आकडा तीन. गोळी तर रोज घेतोय. डोस वाढवावा लागेल बहुतेक, मंगळवारी विचारते.

त्याच्या खोलीत जाऊन समजावलं की घाई नको, सगळ्यांना गाडी जमतेच असं नाही, काचांचं काम काय कमी आहे का. त्याला धीर यावा म्हणूनच बोलले. तो भिंतीकडे वळला.

शुक्रवार, २६ एप्रिल

हे मी लिहितोय, धाकटा. डॉक्टर म्हणाल्या होत्या की जमेल तेव्हा वही स्वतः लिहायला घे. ताई क्लासवर गेली आहे. लिहिण्याआधी मागचं सगळं वाचलं.

'पित्त' चार दिवशी आहे. ९ मार्च, १ एप्रिल, १७ एप्रिल, २२ एप्रिल. चारही दिवशी पूल आहे. पूल नाही त्या दिवशी पित्त नाही, तिचा उपास असतो तेव्हाही नाही.

दवाखान्यात बसायच्या जागी एक पत्रक लावलंय. दर आठवड्याला तिथे बसून ते मला पाठ झालंय. अचानक धडधड, मुंग्या, घसा आवळणं, आत्ता आपलं काही खरं नाही असं वाटणं, दहा-वीस मिनिटांत जाणं, आणि मग जिथे झालं ती जागा टाळत राहणं. त्या पत्रकावर वरती लिहिलंय: पॅनिकचे झटके.

मला वाटत होतं मीच नालायक आहे.

आकडा: आज देता येत नाही.

शनिवार, २७ एप्रिल

काल संध्याकाळी वही वाचली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःला उठून दात घासायला दीड तास लागतो आणि माझी तपासणी करतोय! मी ज्या शहरात पाचशेवर माणसांना गाडी शिकवली तिथे मला पुलाची भीती? आईला म्हटलं, बघ तुझा लेक डॉक्टर झालाय. आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "दोन वर्षं झाली, तू मला मावशीकडे नेलं नाहीस. पुलापलीकडे राहते ती."

रात्रभर राग धरून ठेवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. सारखी त्याची ती एक ओळ समोर येत होती. चौदा वर्षांत मी कुणाही शिकाऊ माणसाला खोटं कार्ड दिलं नाही. दिलं ते माझ्या भावाला, आणि तेही अशा वेळी की जेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या शब्दावर उभा राहत नव्हता. आरसा तो माझ्याहून चांगला बघतो.

सकाळी त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिले. आत जायची हिंमत होईना.

"तू तयार होतास," म्हटलं. "सतरा तारखेलाच होतास. तयार मी नव्हते."

तो उठून बसला. मला वाटलं आता ऐकवेल, आणि ऐकवलं असतं तरी चाललं असतं. त्यानं एवढंच विचारलं की मंगळवारी त्याच्या डॉक्टरांकडे माझी पण वेळ घेऊ का. मी हो म्हटलं. मग त्यानं स्वतः फोन लावला. गेल्या जवळजवळ चार महिन्यांत त्यानं कुणाला लावलेला हा पहिला फोन.

मंगळवार, ३० एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी ईसीजीचे कागद बघितले, थायरॉइडची तपासणी करायला सांगितली, आणि मग पाऊण तास विचारत राहिल्या. त्यांचं म्हणणं तेच पडलं जे धाकट्यानं लिहिलं होतं. त्याच्याकडे बघून मान डोलावली त्यांनी. परवा इतकी चिडलेली असूनही माझी छाती फुगली, ते कसं काय ते मला सांगता येणार नाही.

माझ्या भाषेत सांगायचं तर गाडी ठणठणीत आहे, हॉर्न अडकून बसलाय. धोका नसताना शरीर धोक्याची तयारी करतं. आणि दरवेळी मी पूल टाळला की शरीराला वाटतं, बरं झालं वाचलो, पूल खरंच वाईट होता. म्हणजे दोन वर्षं मी स्वतःला नेमानं चुकीचा धडा देत होते.

उपाय दोन. धाकट्याची असते त्याच जातीची गोळी यालाही चालते, किंवा समुपदेशनातून सराव. कधी दोन्ही. मी घाईघाईनं म्हटलं, मला गोळीबिळी नको हं. धाकटा शेजारीच होता. म्हणाला, "मी घेतो, ती काय कमीपणाची आहे का?"

तोंडात मारल्यासारखं झालं. बरोबर बोलला तो. मी त्याला म्हटलं, चुकले. मग डॉक्टरीणबाईंनीच ठरवलं की सरावानं सुरुवात करू, सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर गोळी. मी कबूल झाले.

आज आम्हा दोघांचा आकडा चार. वहीत आता दोन रकाने केलेत.

मंगळवार, ७ मे

समुपदेशन करणाऱ्या मॅडम इतक्या लहान आहेत की माझ्याकडे शिकायला आल्या असत्या तर मी आधी वयाचा दाखला मागितला असता. त्यांनी मला फिरत्या खुर्चीत बसवलं आणि गरागरा फिरवलं. मग जिने चढायला लावले, धावत, चार वेळा. मग एका बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला. धडधड, चक्कर, घसा, सगळं आलं. मी म्हटलं, अहो मला हेच होतं! त्या म्हणाल्या, माहीत आहे, म्हणूनच आणलं. आता काही न करता थांबा आणि बघा काय होतं.

काही न करता थांबायचं हे मला आयुष्यात कुणी सांगितलेलं नव्हतं. वर गेलं, टेकलं, आणि आपोआप उतरलं. सात मिनिटं. घड्याळ माझ्याच हातात होतं.

घरचा अभ्यास: रोज खुर्ची, रोज जिने. पुलावर आधी पायी जायचं, मग बाजूला बसून. आणि आधाराच्या वस्तू बरोबर घ्यायच्या नाहीत, म्हणजे पाण्याची बाटली, चघळायची गोळी, हातात धरलेला फोन, उघडी खिडकी. हे ऐकून कळलं की मी दोन वर्षं केवढं सामान घेऊन फिरत होते.

घरी खुर्ची धाकट्यानं फिरवली. आई दारातून बघत होती. म्हणाली, दवाखान्यात एकाला बरं करायला गेलो होतो, आता दोघंही गेलीत कामातून. आणि धाकटा हसला. आवाज आला हसण्याचा.

मंगळवार, १४ मे

पुलावर पायी गेलो, दोघं, तीन दिवस. पहिल्या दिवशी मी तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी शेपूट घातलं. दुसऱ्या दिवशी मध्यापर्यंत. आज पलीकडे. आकडे भीतीचे लिहायचे आता: आठ, आठ, सहा.

पहिल्या दिवशी परत फिरले तेव्हा धाकटा काही बोलला नाही. मीच चिडले की काहीतरी बोल ना. म्हणाला, "मी फाटकापर्यंत गेलो होतो तेव्हा तू काय बोलली होतीस? काही नाही. बरं वाटलं होतं मला."

मला तेव्हा काय बोलावं ते सुचलं नव्हतं, एवढंच. पण हे त्याला सांगितलं नाही.

रविवार, १९ मे

आज गाडीतून. तो चालवायला, मी शेजारी.

बाटली घरी ठेवली. फोन मागच्या सीटवर. खिडकी बंद. ठरलं असं की मी भीतीचा आकडा मोठ्यानं सांगायचा आणि त्यानं गाडीकडेच बघायचं. चढ सुरू झाला तेव्हा सहा. कठडा लागला तेव्हा सात. आणि बरोबर वरचं टोक यायच्या जरा आधी, दोन वर्षांपूर्वी झालं होतं तस्सं, पुढच्या गाड्या थांबल्या. आमच्या मागेही गाड्या येऊन लागल्या. पुढे जायला नाही, मागे जायला नाही.

"नऊ," मी म्हटलं. दाराच्या कडीवर माझा हात गेला होता.

"बरं," तो म्हणाला. "नऊ तर नऊ."

तो माझ्याकडे वळला नाही, मला धीर दिला नाही, श्वास घे म्हणाला नाही. गाडी चढावर होती आणि त्यानं ती क्लचवर अशी धरली होती की ती मागे एक बोटभरही सरकली नाही. आरशात बघितलं, मग समोर, मग पुन्हा आरशात. माझे कान वाजत होते, हाताची बोटं माझी वाटत नव्हती, आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात स्वच्छ विचार आला की काय चालवतोय हा पोरगा. खरं सांगते, मरायच्या भीतीत मी त्याचं कार्ड भरत होते.

कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. आठ. पुढची गाडी एक हात सरकली, हाही सरकला. आठ. सात. कुणीतरी मागून हॉर्न मारला, धाकट्यानं लक्ष दिलं नाही. सात, सहा. पुढे रस्ता मोकळा झाला. खाली उतरलो तेव्हा पाच होता आणि माझी पाठ घामानं भिजली होती.

कडेला गाडी थांबवून त्यानं विचारलं, पुन्हा जायचं? मॅडम म्हणाल्या होत्या की त्याच दिवशी पुन्हा गेलेलं चांगलं. चार वेळा गेलो. चौथ्या वेळी चार. मग पलीकडे मावशीकडे गेलो, न सांगता. मावशी म्हणाली, वाट चुकलात की काय.

मी आज स्वतःवर खूश आहे. लिहूनच टाकते, आमच्या घरात कुणी दुसरं लिहिणार नाही. त्याच्यावर मात्र त्याहून जास्त.

मंगळवार, २८ मे

उद्या टेस्ट. रोज पूल झाला, पण या भानगडीत रिव्हर्स राहिलं. दोन खांबांमध्ये मागे गाडी घालायची, ती त्याची दहातून चारदा चुकते. मॅडमकडे माझं सगळं ठीक चाललंय. मला धास्ती दुसरीच आहे. नापास झाला तर? परवा परवापर्यंत माझ्या एका वाक्यानं हा तीन दिवस अंथरुणात होता.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, नापास होऊ शकतो, वाईटही वाटेल. वाईट वाटणं म्हणजे आजार नव्हे. हे वाक्य मी लिहून घेतलं, पण मनातून ते अजून गळी उतरलेलं नाही.

बुधवार, २९ मे

नापास.

आठ झाला. पूल झाला, टेस्ट घेणारे साहेब म्हणे पुलावर त्याच्याशी गप्पा मारत होते. रिव्हर्सला मागचा खांब लागला. लांबून मला आवाज आला. साहेबांनी कागदावर फुली मारली ती मी फाटकाबाहेरून बघितली. पुलावर स्वतःसाठी घाबरले नव्हते एवढी मी तिथे घाबरले.

तो चालत आला. "मागचा खांब लागला," म्हणाला. "डाव्या बाजूचा." मी काही बोलणार, तर त्यानं हात वर करून थांबवलं, खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर दुकानाच्या मालकांना लावला. सरळ सांगितलं की आज नापास झालो, पुढच्या बुधवारी पुन्हा आहे, गाडी पाच दिवस उशिरा निघाली तर चालेल का. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. धाकटा म्हणाला, "हो, मीच येणार."

घरी आईला मी सांगितलं. तिनं त्याला वाढलं. जेवला, पूर्ण. मग खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून मी त्या दाराकडे बघत बसले आहे. आकडा विचारायची हिंमत झाली नाही. त्याच्या रकान्यात आज काही नाही. उद्या सकाळी काय होतं त्यावर सगळं आहे.

गुरुवार, ३० मे

सहाला माझं दार वाजलं. मला वाटलं आई. धाकटा होता. आंघोळ झालेली, भांग पाडलेला, गाडीची किल्ली हातात.

"ताई, ऊठ," म्हणाला. "क्लास सुरू व्हायच्या आत एक तास मिळतो. मागं घ्यायला शिकव."

मी म्हटलं, काल वाईट वाटलं का? म्हणाला, खूप वाटलं. रात्री बराच वेळ वाटलं. मग झोप लागली. हे त्यानं अशा स्वरात सांगितलं की जसं काही झोप लागणं ही रोजचीच गोष्ट आहे.

तोंड धुवायला पाच मिनिटं मागून घेतलीत, त्यातली ही चार मी इथे घालवतेय. चौदा वर्षांत माझ्या हाताखालून इतका भारी नापास कुणी झालेला नाही. त्याचा आजचा आकडा त्यानं जाता जाता रकान्यात स्वतः टाकलाय, सहा, आणि पुढे कंसात 'रिव्हर्स शून्य' असं लिहिलंय. आई गॅलरीतून सांगतेय की किल्ली घेऊन तो कधीचा खाली उभा आहे.